रेघेखालचं नाव

जरा खाली बघा. अजून खाली. मजकूर संपतो, मग एक आखूड रेघ येते आणि तिच्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत काहीतरी लिहिलेलं असतं. तुम्ही ते बहुधा कधी वाचलेलं नाही. तिथूनच बोलतेय मी. मी तळटीप, नंबर सदुसष्ट.

वाचलं नाहीत म्हणून माझा राग नाही. वर मोठी माणसं मोठ्या अक्षरांत बोलत असतात आणि आम्ही खाली अंग चोरून बसलेल्या असतो. आमचं काम एकच. वरचा माणूस जे सांगतोय ते त्याला कुठून मिळालं, कोणाकडून मिळालं, ते प्रामाणिकपणे सांगायचं. या एका कामासाठी मी जन्माला आले आणि तेवढंच माझ्या हातून झालं नाही. हात असते तर झालं असतं, असं मी स्वतःला समजावते.

माझा लेखक तोर्केल ब्रेनमार्क. उंच, थोडा वाकलेला, बोलायला कंजूस. स्वीडनच्या उत्तरेकडच्या एका विद्यापीठात तो इतिहासात डॉक्टरेट करत होता. विषय होता बर्फावरच्या वाटा. हिवाळ्यात खाडी गोठली की जुन्या काळी लोक घोड्याच्या घसरगाड्या घेऊन सरळ बर्फावरून बाजाराला जात. वादळात वाट चुकू नये म्हणून दोन्ही बाजूंना सूचिपर्णी झाडांची रोपटी बर्फात रोवलेली असत. ती रोवायचं कोण, इथे तोर्केलचं घोडं अडलं होतं. सरकारी कागदांत हुकूम होता, पण रोवणाऱ्याचा पत्ता नव्हता. वर्षभर तो त्याच एका प्रकरणाशी झगडत होता.

पुढचं माझ्या जन्माआधीचं आहे, म्हणजे ऐकीव. विभागात सकाळी आणि दुपारी सगळे हातातलं टाकून कॉफीच्या टेबलाशी जमत. तिथे इंगेला विकांदर यायची. ती पदवीच्या शेवटच्या वर्षाला होती आणि संध्याकाळी वृद्धाश्रमात काम करायची. खाडीकाठच्या गावातली, बोलायला तिखट. एका दुपारी तोर्केल वेलचीचा पाव नुसताच कुस्करत बसला होता, तेव्हा तिने विचारलं, "तू कोर्टातल्या साक्षी वाचतोयस ना? कोणाच्या?"

"सगळ्यांच्या."

"थापा नको मारूस. पुरुषांच्या वाचतोस. बाई साक्षीला आली की हिचं शेजारणीशी भांडण असणार, असं म्हणून पान उलटतोस."

तोर्केल काही बोलला नाही. खरं असलं की तो बोलत नसे.

"गाय चोरीला गेल्याचा एक खटला आहे बघ," ती म्हणाली. "शेजारीण सांगते, मी त्या दिवशी बर्फावर झाडं लावत होते म्हणून मला चोर दिसला. दुसऱ्या खटल्यात दुसरी हेच सांगते. मग तिसरी. पुरुष त्या दिवसांत जंगलात लाकडं तोडायला गेलेले असायचे. वाटा बायकांनी आखल्या, तोर्केल."

"हे तुला कुठे मिळालं?"

"माझ्या निबंधात लिहिलंय. विभागाच्या कपाटात पडलाय. कपाटाला कुलूप आहे आणि किल्ली कोणाकडे आहे, ते कोणालाच ठाऊक नाही."

किल्ली सापडली. तोर्केलने तो निबंध एका बैठकीत वाचला आणि त्याचं अडलेलं प्रकरण सुरळीत चालू लागलं. दुसऱ्याच दिवशी त्याने मला लिहिलं. तेव्हा मी अशी होते: 'हा विचार सर्वप्रथम इंगेला विकांदर हिने आपल्या पदवीच्या निबंधात मांडला. न्यायालयातल्या बायकांच्या साक्षी वाचण्याची वाटही तिनेच दाखवली. प्रस्तुत प्रकरण तिच्या त्या कामावर उभं आहे. मी तिचा ऋणी आहे.'

चांगली भरल्या अंगाची होते मी. पानाच्या तळाशी ऐसपैस बसले होते. तोर्केलने इंगेलाला बोलावून संगणकावर मला दाखवलं. तिने पडद्यावर बोट टेकवून वाचलं आणि नाक मुरडलं.

"केवढं लांबलचक लिहिलंयस. लग्नाचं भाषण वाटतंय."

"खरं आहे ते लिहिलं."

ती थोडा वेळ माझ्याकडेच बघत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "वसंतात विभागात डॉक्टरेटची एक जागा निघतेय. मी अर्ज करू?"

"कर की. आणि अर्जात स्पष्ट लिही, माझ्या प्रबंधात तुझ्या कामाचा संदर्भ आहे म्हणून. तशी पोचपावती पदवीच्या किती विद्यार्थ्यांना मिळते?"

तिने तसं लिहिलं. त्या एका वाक्याच्या भरवशावर तिने वृद्धाश्रमातल्या कायमच्या नोकरीला नकारही कळवला. म्हणजे एक आख्खी बाई माझ्यावर विसंबून होती. मला फार अभिमान वाटायचा. मी जन्मले तेव्हा माझा नंबर नऊ होता. पुढे पुढे नव्या टिपा घुसत गेल्या आणि मी मागे सरकत सरकत सदुसष्टवर पोचले. नंबर बदलतोय याचं मला काही वाटलं नाही. पोटात इंगेलाचं नाव होतं ना, तेवढं पुरे होतं.

मग साफसफाई सुरू झाली.

तोर्केलचे मार्गदर्शक होते बेर्टील. तिथे प्राध्यापकालाही नावाने हाक मारतात, अरे-तुरे करतात. म्हणून कोणी त्याच्या शब्दाबाहेर जातं असं मात्र नाही. बेर्टील वाईट माणूस नव्हता. संदर्भांच्या बाबतीत तो सोवळं पाळायचा, एवढंच. स्वल्पविरामाच्या जागी पूर्णविराम दिसला की त्याचं जेवण गोड लागत नसे. त्याने हातात पेन्सिल घेतली आणि पहिल्याच फेरीत माझं शेवटचं वाक्य उडवलं.

"टिपेत भावना नको. ऋण वगैरे प्रस्तावनेत जातं."

बरोबर होतं त्याचं. मी एक वाक्य कमी झाले. दुसऱ्या फेरीत 'सर्वप्रथम' गेलं. सर्वप्रथम हे सिद्ध कसं करणार, त्याआधी कोणी म्हटलंच नसेल कशावरून? तेही बरोबर होतं. मग छापणाऱ्या ग्रंथमालेचे नियम आले. टीप शक्यतो एका ओळीत बसवावी. 'वाट दाखवली' आणि 'उभं आहे' दोन्ही गेली. माझ्यात उरलं एवढंच: 'इंगेला विकांदर हिचा पदवीचा निबंध पाहा.' मी वाळून काडी झाले होते, पण नाव होतं. मी ते धरून बसले.

तिसऱ्या फेरीला बेर्टीलची पेन्सिल त्या नावावर थांबली.

"पदवीचे निबंध संदर्भयादीत धरत नाहीत, तोर्केल. छापलेला नाही, वाचकाला मिळत नाही. आणि तू दुसऱ्याच्या डोळ्यांनी का बघतोस? मूळ साक्षी आहेत ना अभिलेखागारात? जा, स्वतः बघ आणि मूळ साधन दे."

"पण ते शोधलं इंगेलाने," तोर्केल म्हणाला.

"शोधलं म्हणजे? साक्षी तिथेच होत्या."

तोर्केल अभिलेखागारात गेला. त्याने खंड मागवला, साक्षी वाचल्या, तपासल्या. इंगेलाने दिलेला प्रत्येक तपशील बरोबर निघाला. आणि तो बरोबर निघाला म्हणूनच तिची गरज संपली. परत येऊन त्याने मला पुसून पुन्हा लिहिलं. आता माझ्यात खटल्याचं वर्ष होतं, खंड होता, पान होतं. मी एकदम नियमात बसले. बेर्टीलने माझ्यापुढे बरोबरची खूण केली.

तोर्केल पडद्याकडे बराच वेळ बघत बसला होता. 'प्रस्तावनेत घालू,' असं स्वतःशीच पुटपुटला. मी ओरडले असते, पण टिपेला आवाज कुठला? आम्हाला जे लिहून दिलं जातं तेच आम्ही बोलतो. माणसांच्या या जगात चोरी अशी होते, की चोरणाऱ्यालाही तो नियम पाळतोय असंच वाटत असतं.

त्यानंतर मी छापली गेले. एकदम शेकडो प्रतींत, सगळीकडे मीच.

तोंडी परीक्षेच्या तीन आठवडे आधी तिथे प्रबंध जाहीरपणे भिंतीवर ठोकतात. खरोखरचा हातोडा, खरोखरचा खिळा. विभागाच्या दारापाशी लाकडी फळा आहे, सगळे जमतात, कॉफी असते, केक असतो. एकदा खिळा बसला की मजकुराला कोणी हात लावायचा नाही. तोर्केलने पहिला घाव बोटावर घातला आणि सगळे हसले. खिळा वरच्या कोपऱ्यातून गेला, मी पानाच्या तळाशी असल्यामुळे वाचले.

इंगेला आली होती. चांगला कोट घालून, केस बांधून. तिने टेबलावरची एक प्रत उचलली आणि सरळ माझं पान काढलं. वरचा मजकूर तिने वाचलाच नाही. सगळ्या जगात ती एकटीच अशी होती, जी आधी रेघेखाली बघत होती.

तिने मला वाचलं. मग मागचं पान बघितलं, पुढचं बघितलं. नाव शेजारच्या टिपेत गेलं असेल अशी तिला आशा असावी. मग ती तोर्केलपाशी गेली. तो बोट चोखत उभा होता.

"सदुसष्टमध्ये मी नाही."

"ते... मूळ साधन द्यावं लागलं. नियम आहे."

"प्रस्तावनेत?"

त्याने प्रस्तावनेचं शेवटचं वाक्य दाखवलं. 'कॉफीच्या टेबलावरच्या सर्व मित्रांचे आभार.'

"म्हणजे मी कॉफीत आहे," इंगेला म्हणाली. "दुधासारखी. दिसत नाही, पण चव येते." तोर्केल कसनुसा हसला. ती हसली नाही. "अर्जात मी टिपेचं लिहून बसलेय, तोर्केल. निवड समितीतली माणसं हीच प्रत उघडणार. मी खोटारडी ठरेन."

"शुद्धिपत्र असतं," तो घाईघाईने म्हणाला. "परीक्षेच्या सुरुवातीला देतात. त्यात घालतो तुझं नाव."

"नक्की?"

उत्तरेकडच्या माणसांची एक सवय आहे. 'हो' म्हणायच्या ऐवजी ती ओठांतून श्वास आत ओढतात, वाऱ्याने दाराची फट वाजावी तसा आवाज येतो. तोर्केलने तसा श्वास ओढला. इंगेलाचा जीव भांड्यात पडला आणि माझाही.

त्याने शुद्धिपत्र लिहिलं, हे मी डोळ्यांनी बघितलं. गावाच्या नावातल्या दोन चुका, एक उलटा छापलेला नकाशा आणि चौथी नोंद माझी. तो कागद त्याने बेर्टीलपुढे ठेवला.

"चौथं काढ," बेर्टील म्हणाला. "शुद्धिपत्रात चुका दुरुस्त करतात. या टिपेत चूक कुठली आहे? वर्ष बरोबर, खंड बरोबर, पान बरोबर."

"नाव राहिलंय."

"राहिलंय ती चूक नव्हे. तू आपला पसारा वाढवू नकोस. फिनलंडमधल्या तुर्कूहून बाहेरची परीक्षक येतेय, ती फार बारकाईने बघते. तिला वाटेल प्रकरणच दुसऱ्याचं आहे."

तोर्केल गप्प बसला. आधीच सांगितलंय, खरं असलं की तो बोलत नसे.

परीक्षेच्या दिवशी सभागृह भरलं होतं. तोर्केलची आई पुढच्या रांगेत होती, शेजारच्या खोलीत तिने केलेला कोळंबीने सजवलेला सँडविचचा केक झाकून ठेवला होता. इंगेला मधल्या रांगेत कडेला बसली होती. तिच्या मांडीवर मी उघडी होते, पान वाकू नये म्हणून तिने त्यावर हात ठेवला होता. शुद्धिपत्र वाटलं गेलं. तिच्या हातात आलं. दोन गावं आणि एक नकाशा. तिने कागदाची मागची बाजूही बघितली.

तुर्कूच्या परीक्षक बाईंचं नाव सिनिक्का. दोन तास त्यांनी तोर्केलला नकाशांवरून, हवामानावरून, घोड्यांच्या नालांवरून धारेवर धरलं. मग चष्मा काढला आणि त्यांचा आवाज मऊ झाला.

"आता मला जे सर्वांत आवडलं ते. बर्फावर झाडं रोवणाऱ्या बायका. या एका जागेसाठी हा प्रबंध लोक वाचतील. ही गोष्ट इतकी वर्षं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती आणि कोणाला दिसली नाही. तुम्हाला कशी दिसली?"

तोर्केलने माझं पान उघडलं. त्याची नजर माझ्यावर आली आणि तिथेच फिरत राहिली, जणू मी त्याला काहीतरी पुरवावं. पहिल्या दिवशीसारखी मी असते तर त्याला नुसतं वाचून दाखवायचं होतं. पण माझ्यात एक वर्ष, एक खंड आणि एक पान होतं. तेवढ्यावर मी त्याला काय सांगणार होते?

"साक्षी वाचता वाचता," तो म्हणाला.

"तुमच्याच वाचनातून?"

तोर्केलने श्वास आत ओढला.

शब्द नव्हताच तो. पण तिथे त्याला 'हो' म्हणतात. सिनिक्का बाईंनी मान डोलावली आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

शेवटी अध्यक्षांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, "श्रोत्यांपैकी कोणाला काही विचारायचं आहे?" तिथे कोणीही उठून विचारू शकतं. इंगेलाचा हात माझ्यावर होता. तो उचलला गेला, माझ्या अंगावरचं ओझं कमी झालं आणि मला वाटलं, आता. तिने समोर तोर्केलच्या आईकडे पाहिलं. म्हातारी रुमालाने डोळे टिपत होती. इंगेलाने हात केसांवरून फिरवला आणि परत खाली ठेवला. केक कापायच्या आधीच ती निघून गेली.

निवड समितीची बैठक पुढच्या आठवड्यात झाली. टेबलावर प्रत होती, प्रतीत मी होते. एकाने अर्ज वाचला, दुसऱ्याने माझं पान काढलं, सगळ्यांनी माना पुढे काढून मला बघितलं. इतकी माणसं मला एकाच वेळी वाचत होती, असं आधी कधी घडलं नव्हतं, नंतरही नाही.

"इथे तर तिचं नाव नाही."

"वाढवून लिहिलं असेल. तरुण मुलं लिहितात."

बेर्टील तिथे होता. तो खिडकीबाहेर बघत होता. तोर्केलला कोणी विचारलं नाही आणि तो आपणहून आला नाही. भर सभेत श्वास ओढून झाला होता, आता वेगळं सांगणं म्हणजे स्वतःच स्वतःला खोटं पाडणं. जागा दुसऱ्याला मिळाली.

पुढे तोर्केल दक्षिणेत प्राध्यापक झाला. 'बर्फावरच्या बायका' त्याच्या नावाने ओळखल्या जाऊ लागल्या. दुसऱ्या पुस्तकांत माझ्या लेकीबाळी झाल्या, तिसऱ्यांत नातवंडं झाली. सगळ्यांच्या पोटात तोर्केलचं नाव आहे. त्यांच्यातल्या एकीलाही इंगेला माहीत नाही. सांगणार कोण?

मी आता ग्रंथालयाच्या तळघरात, खालच्या फळीवर असते. शुद्धिपत्र केव्हाच पडून हरवलं. मागच्या हिवाळ्यात बऱ्याच काळाने कोणीतरी मला उघडलं. बोटं ओळखीची वाटली. पान सपाट राहावं म्हणून तिने हात ठेवला तेव्हा खात्रीच पटली. केस पांढरे झाले होते. ती खाडीकाठच्या एका छोट्या संग्रहालयात काम करते. संग्रहालयाच्या वार्षिक अंकात बर्फावरच्या वाटांवर लेख लिहीत होती. बरोबर एक तरुण सहकारी होती, अंकाची संपादक.

"वाटा बायकांनी आखल्या, याला आधार लागेल," ती मुलगी म्हणत होती.

"मीच लिहिलं होतं ते. विद्यार्थी असताना."

"छापलंय?"

"नाही."

"मग तसं नाही देता येणार, इंगेला. छापील काहीतरी दे. ब्रेनमार्क दे ना, सगळे त्याचंच देतात."

इंगेलाने श्वास आत ओढला. त्या मुलीला त्यात नुसतं 'हो' ऐकू आलं.

मुलगी दुसऱ्या कपाटाकडे गेली. इंगेलाने पेन्सिल काढली. माझ्या शेजारी समासात चांगली बोटभर कोरी जागा होती आणि पेन्सिलचं टोक तिथे येऊन टेकलं. लिही, मी म्हणत होते, दोन शब्द लिही, बघणारं कोणी नाही. तिने टोक उचललं. ग्रंथालयाच्या पुस्तकात लिहायचं नसतं, हे तिला कोणी सांगावं लागत नाही.

तिने मला स्वतःच्या कागदावर नीट उतरवून घेतलं. तोर्केल ब्रेनमार्क, पान, टीप सदुसष्ट. नंबर चुकू नये म्हणून पुन्हा एकदा माझ्याशी ताडून बघितला.

तिचा तो कागद माझ्या शेजारीच पडला होता, म्हणून मला तिच्या बाकीच्या टिपा दिसल्या. चांगल्या लांबलचक होत्या, भरल्या अंगाच्या. बर्फाची जाडी कशी बघतात ते सांगणाऱ्या मच्छीमाराचं नाव होतं. जुना फोटो देणाऱ्या शिक्षिकेचं होतं. गाडीतून सोडणाऱ्या शेजाऱ्याचंही होतं, 'मी त्यांची ऋणी आहे' यासकट. तिच्या टिपांत सगळ्यांची नावं होती. फक्त तिचं स्वतःचं कुठेच नव्हतं.

मग तिने मला मिटलं आणि फळीवर सरळ ठेवलं.

मी आता अशीच राहणार. मला पुसून लिहिणारं कोणी नाही आणि माझ्यात कुठली चूकही नाही, वर्ष, खंड, पान सगळं बरोबर आहे. तुम्ही इतका वेळ खाली वाकून ऐकलंत, म्हणून एक मागते. बर्फावर झाडं रोवणाऱ्या बायकांची गोष्ट तुम्ही कधी कोणाला सांगितलीत, तर खाली एक आखूड रेघ ओढा आणि तिच्याखाली लिहा: इंगेला विकांदर. मला ते लिहिता येत नाही.